न आलेल्यांचा अर्धा तास

रविवारी संध्याकाळी आमच्या वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात जे फोन येत, त्यांत एक त्यांचा असे. ते हॅलो म्हणत नसत. "निकाल घ्या," म्हणायचे आणि सुरू व्हायचे. आधी अंतर, मग बोटीचा प्रकार, मग नावे. प्रत्येक नाव सावकाश, दोनदा. शेवटी एक ठरलेली पुरवणी:

"आणि नौकानयन छापू नका. नौकानयन म्हणजे रोइंग. त्यांच्यात माणूस पाठ करून बसतो आणि मागे मागे जातो. आमच्यात समोर बघून वल्हवतात. कनोइंग. लिहिलंत?"

लिहिलेले असे. दुसऱ्या दिवशी छापून मात्र 'नौकानयन'च येई, कारण एका कॉलमाच्या मथळ्यात तेच बसे. पुढच्या रविवारी ते मागच्या चुकीबद्दल चकार शब्द काढत नसत. पुरवणी तेवढी पुन्हा वाचून दाखवत.

ते मुलुंडला राहत. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात, कामगार खात्यात, त्यांनी नोकरी केली. राज्याच्या कनोइंग संघटनेचे ते वर्षानुवर्षे सचिव होते आणि त्या नात्याने आशिया खंडातल्या देशांच्या एका महासंघाच्या घटना समितीवर होते. म्हणजे कुठल्या देशाला सभासद करून घ्यायचे, कोणाला मत द्यायचे, कोणाला नाही, हे ठरवणारे नियम लिहिणाऱ्यांपैकी एक. स्वतः ते बोटीत कधीही बसले नव्हते. हे ते लपवत नसत. संघटना स्थापन करायची ठरली तेव्हा नियमावली लिहून देणारा माणूस हवा होता, आणि कामगार खात्यात नियमावली लिहिणारे ते होते. बोट काय असते ते त्यांना नंतर कळले.

"पोहता येत नाही हो यांना," त्यांची बायको मला पहिल्याच भेटीत म्हणाली. "बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायला मला हाक मारतात."

"प्रश्न पाण्याचा नाही," ते म्हणाले. "त्या वेळी माझ्या हातात कागद होते."

"तुमच्या हातात कागद कधी नसतात?"

काकूंचे बोलणे असे बारीक आवाजात आणि भाजी निवडता निवडता चाले. त्यांच्या घरी आमटीत मीठ कमी पडले तर आधी सूचना मांडावी लागते, असे त्या सांगत. "आणि अनुमोदन द्यायला तिसरं माणूस नाही. म्हणून आम्ही अळणीच जेवतो."

एका पावसाळ्यात त्यांच्या हॉलमध्ये संघटनेची एक कयाक, म्हणजे लांब निमुळती बोट, होती. आधी ती इमारतीच्या खाली, गाड्या लावतात तिथे, छताला दोरीने टांगलेली असे. कोणीतरी तक्रार केली. गृहनिर्माण सोसायटीचे सचिवही तेच होते. त्यांनी सामायिक जागा अडवल्याबद्दल स्वतःला नोटीस काढली, स्वतःच्या दारावर चिकटवली आणि मुदतीच्या आत बोट हलवली. हलवायला जागा एकच होती. खिडकीचे ग्रिल काढून ती दोराने वर घेतली. हॉलमध्ये तिरकी ठेवूनही मावेना, तेव्हा तिचे टोक स्वयंपाकघरात गेले. मी गेलो तेव्हा त्या टोकावर काकूंनी हात पुसायचा नॅपकिन वाळत टाकला होता.

"तक्रार कोणाची होती?" मी विचारले.

"ते सांगता येत नाही. तक्रारदाराचं नाव गुप्त असतं."

"माझी होती," काकू आतून म्हणाल्या. "मला काय माहीत वर आणतील?"

त्यांच्याविषयी सांगताना सगळे आधी त्यांच्या सभांविषयी सांगत. सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला जो गेला आहे त्याला हा प्रकार ठाऊक असतो. ठरलेल्या वेळी पुरेशी माणसे आलेली नसतात. मग अध्यक्ष जाहीर करतात की कोरम नसल्यामुळे सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येत आहे आणि ती याच ठिकाणी पुन्हा भरेल. पुन्हा भरलेल्या सभेला कोरम लागत नाही. आलेत तेवढ्यांत काम चालते. बाकी सगळीकडे हा अर्धा तास कागदावर असतो. वाक्य वाचले जाते, कोणी घड्याळाकडे बघत नाही, सभा पुढे सरकते.

त्यांच्या सभेत तो खरा असे. वाक्य वाचून ते घड्याळ काढून टेबलावर ठेवत आणि गप्प बसत. या वेळात संघटनेच्या कामाविषयी एक अक्षर बोलायचे नाही. सभेचा चहा आला असला तरी घ्यायचा नाही, कारण तो सभेचा चहा आणि सभा तर भरलेली नाही. क्लबांची संख्या कागदावर बरी होती, पण सभेला बहुधा ते, दोनपैकी एखादे उपाध्यक्ष आणि बातमी मिळेल म्हणून आलेला मी, एवढेच असू. तीन माणसे एका रिकाम्या वर्गखोलीत अर्धा तास एकमेकांकडे बघत बसत. मग ते घड्याळ उचलून म्हणत, "तहकूब सभा सुरू होत आहे," आणि मी एकटा श्रोता असलो तरी उभे राहून अहवाल वाचत.

एकदा मी म्हणालो, "सर, कोणी येणार नाही हे तुम्हालाही माहीत असतं. मग थांबता कशाला?"

"हा अर्धा तास आपला नाही," ते म्हणाले. "जे आलेले नाहीत त्यांचा आहे. त्यांनी तो वापरला नाही, तो त्यांचा प्रश्न. आपण तो खायचा नाही."

हे ते कुठे शिकले ते पुढे कळले. महासंघात ते गेले तेव्हा अधिवेशनाच्या फोटोत माणसांची एक रांग होती. नंतर दोन झाल्या, मग तीन. उत्तरेत नवे देश झाले होते, ते आले. ज्यांच्याकडे नदी नाही, फक्त खोदलेला कालवा आहे, असे वाळवंटातले देश आले. नकाशावर टिंबाएवढी बेटे आली. त्यांच्याकडे पाणी भरपूर, बोटी दोन. प्रत्येकाला एक मत. ज्या मोठ्या देशांनी पदके जिंकली आणि हा खेळ वाढवला, त्यांना हे खटकू लागले. दोन बोटींच्या बेटाचे मत आमच्या मताएवढे कसे? तेव्हा एका अधिवेशनात घटनादुरुस्ती आली: ज्याची कामगिरी जास्त त्याची मते जास्त. ती सकाळी पहिल्याच विषयाला घेतली गेली. छोट्या देशांचे बरेच प्रतिनिधी अजून नाश्त्याला होते. काहींचे विमान पोचायचे होते. अध्यक्षांनी विचारले, सर्वांना मान्य आहे ना? टाळ्या सुरू झाल्या.

हे सांगताना ते खुर्चीतून अर्धवट उठले. "मी म्हटलं, मोजा."

"टाळ्या चालू असताना?"

"टाळ्या मोजता येत नाहीत. माणसं मोजता येतात. मोजली, कोरम नव्हता. सभा दुसऱ्या दिवसावर गेली. दुसऱ्या दिवशी सगळे आले आणि दुरुस्ती पडली." ते पुन्हा टेकून बसले. "त्या दिवसापासून अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत. पण मी काय केलं? भाषणसुद्धा केलं नाही. लहान माणसाला आपल्यासाठी कोणी भांडावं असं नको असतं. त्याला मोजून घ्या, बास."

ही बातमी मी लिहिली होती. ती छापून आली नाही.

हर्षदा त्यांच्या आयुष्यात आली ती अर्जदार म्हणून. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात वाढलेली, घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्ततपासणीचे काम करणारी, पस्तिशीची बाई. आजोबा मालवणकडून गिरणीत आलेले. बोट घरात कोणी पाहिली नव्हती. कॉलेजात असताना ती कनोइंगच्या एका शिबिराला गेली आणि तिथून परत आलीच नाही, असे तिची आई म्हणे. कांजूरच्या बाजूला, हायवे ओलांडून खाडीकडे उतरले की तिवरांतून एक वाट कोळ्यांच्या जेटीपर्यंत जाते. तिथे तिने क्लब काढला. एका कोळ्याच्या अंगणात ताडपत्रीखाली तिच्या बोटी असत. त्यांतली एक चार जणींची लांब कयाक होती, दुसऱ्या राज्यातून जुनी आणलेली. ती वल्हवणाऱ्या चौघी वर्षभर भरतीचे वेळापत्रक बघून नोकऱ्यांच्या पाळ्या बदलून घेत होत्या. खाडीत सराव भरतीलाच होतो. ओहोटीला तिथे चिखल असतो.

त्या वर्षी निवड चाचणी होती. चाचणीतून देशाच्या संघात आणि तिथून आशियाई स्पर्धेला. चौघींचा वेळ चांगला येत होता. पण चाचणीला नाव फक्त संलग्न क्लबाचे जाते, आणि संलग्नतेसाठी संघटनेचे सचिव आणि दोन उपाध्यक्ष अशा तीन जणांच्या समितीने क्लबाचे पाणी डोळ्यांनी पाहायला हवे, असा नियम होता. सरळ, मोकळे, बोट चालेल एवढे पाणी. नियम त्यांचाच होता. 'नुसत्या कागदावरचे क्लब मतांसाठी उगवतात, पाणी कागदावर उगवत नाही' असे त्यांचे म्हणणे. प्रवेशिका पाठवायचा शेवटचा दिवस आणि पाहणीचा दिवस एकच आला.

हर्षदाने भरतीप्रमाणे सकाळची वेळ कळवली होती. दोन्ही उपाध्यक्ष अंधेरी-बोरिवलीकडचे. त्यांना ती लवकर वाटली. वेळ पुढे ढकलली गेली. मी चौघींवर काही लिहावे म्हणून गेलो होतो. मी पोचलो तेव्हा भरती उलटून गेली होती, पण पाणी होते. जेटीच्या शेवटच्या पायरीला लागत होते. बोट पाण्यावर होती, चौघी आत बसलेल्या, वल्ही आडवी धरलेली.

ते आले, हातात फाइल. उपाध्यक्ष आले नव्हते. फोन केले. एकाने उचलला नाही. दुसरा म्हणाला, निघालोच आहे. ते जेटीवर उभे राहिले आणि त्यांनी ते वाक्य वाचले. कोरमअभावी पाहणी अर्धा तास तहकूब.

हर्षदाला आधी थट्टा वाटली. "सर, काय करताय? पाणी चाललंय."

"आता आपण पाहणीत नाही, हर्षदा मॅडम."

"अहो, पण समोर बघा तरी!"

त्यांनी कोळ्याच्या अंगणातली प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, जेटीवर ठेवली आणि खाडीकडे पाठ करून बसले. तहकुबीत काही पाहिले तर ते समितीने पाहिले असे होईल, अशी त्यांची भीती होती. घड्याळ मांडीवर ठेवले.

"ए हर्षदा, आम्ही मारून दाखवू का एक फेरी?" बोटीतून एकीने विचारले.

"कोणाला दाखवतेस? ते तिवरं बघतायत."

पायरी कोरडी झाली, मग तिच्या खालची. बोटीखाली काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. चौघी एकेक करून उतरल्या, पोटऱ्यांपर्यंत रुतल्या आणि बोट ओढत वर आणू लागल्या. जाळे शिवत बसलेला म्हातारा कोळी हे सगळे पाहत होता.

हर्षदा त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. "सर, जे आले नाहीत त्यांचा अर्धा तास. मग जे आलेत त्यांचं काय?"

त्यांनी मांडीवरचे घड्याळ पाहिले. वेळ संपली. ते उठले, वळले आणि म्हणाले, "तहकूब पाहणी सुरू होत आहे." समोर चिखल होता. दूर मधल्या प्रवाहात पाण्याची पट्टी चमकत होती.

"पानी जेवाला गेला, सायेब," म्हातारा म्हणाला. "सांजचा येल."

कोणी हसले नाही.

"सर, तुम्ही आलात तेव्हा पाणी होतं," हर्षदा म्हणाली. "तुम्ही पाहिलंत."

"मी पाहिलं. समितीनं पाहिलं नाही."

"समितीत आत्ता तरी कोण आहे? तुम्हीच ना?"

"हो. आणि आत्ता पाणी नाही."

संध्याकाळच्या भरतीपर्यंत प्रवेशिकेची मुदत संपत होती. तीही त्यांनीच घातलेली. चौघींचे नाव गेले नाही. त्यांतली एक पुढच्या महिन्यात नोकरीसाठी नाशिकला गेली, आणि चार जणींची बोट तीन जणींना चालवता येत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी मुलुंडला गेलो तेव्हा काकूंनी दार उघडले आणि आतल्या बाजूला खूण करून ओठ मिटले. ते खिडकीशी बसले होते. मला त्यांच्या तोंडून काय ऐकायचे होते ते मलाही नीट माहीत नव्हते. त्यांनी आपण होऊनच विषय काढला.

"नियमात सभेचा विचार होता. खाडीचा नव्हता. सभा थांबते. खाडी थांबली नाही."

"मग चूक कोणाची?"

"लिहिणाऱ्याची," ते म्हणाले. "आणि बसणाऱ्याचीही. मला वळून बघता आलं असतं."

पुढच्या मोठ्या भरतीला त्यांनी पुन्हा पाहणी लावली. या वेळी उपाध्यक्षांना विचारले नाही. भरतीची वेळ कळवली आणि एकाला घरून रिक्षात घालून आणले. दुसऱ्याला आदल्या रात्री मुलुंडला आपल्याकडेच झोपवले. तिघांनी पाणी पाहिले. क्लब संलग्न झाला. चाचणी होऊन गेली होती, त्यामुळे हर्षदाने आभार मानले नाहीत, आणि तशी अपेक्षाही कोणाची नव्हती.

संलग्न होताच तिच्या क्लबाला मत मिळाले. संघटनेची निवडणूक जवळ आली होती. उपाध्यक्षांपैकी एकाने त्यांना माझ्यादेखत सांगितले, "साहेब, निवडणूक होईपर्यंत थांबवायचं होतंत ना त्या बाईचं प्रकरण. ती गप्प बसणारी नाही."

"पाणी दिसलं," ते म्हणाले. "आता काय म्हणणार, नाही दिसलं?"

ती गप्प बसली नाहीच. राज्यभरातल्या ज्या क्लबांना त्यांनी वर्षानुवर्षे एकेक करून संलग्न केले होते आणि ज्यांतले कोणी कधी सभेला फिरकले नव्हते, त्या सगळ्यांना तिने फोन केले. लॅबमधल्या दुपारच्या सुट्टीत ती हेच करत होती, असे तिच्या सहकाऱ्याने मला सांगितले. कोणाला खाडीची गोष्ट सांगितली, कोणाला बोटींची, कोणाला नुसते विचारले की तुमच्या सचिवांना तुम्ही शेवटचे कधी पाहिले?

सभा घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी पोचलो तेव्हा बाहेर चपलांना जागा नव्हती. कोल्हापूरचे आले होते, भंडाऱ्याचे आले होते, नाशिकहून ती चौथी मुलगीही आली होती. ते व्यासपीठावर उभे होते आणि खुर्च्यांवरची माणसे मोजत होते. बोट पुढे करून, ओठ हलवत. शेवटपर्यंत गेले, थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"कोरम पूर्ण आहे," ते म्हणाले. ते पाणी प्यायले. "सभा सुरू होत आहे."

सचिवपदासाठी दोन नावे आली, त्यांचे आणि हर्षदाचे. मतदानाआधी उपाध्यक्ष त्यांच्या कानाशी लागले. पहिल्या रांगेत बसलेल्या मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजात ते कुजबुजत. कांजूर क्लबाची पाहणी एकदा नामंजूर झाली होती, दुसरी पाहणी त्याच वर्षात घेता येते का, असा मुद्दा काढता येईल, ते मत बाद होईल, आणखी दोन क्लबांचेही तसेच आहे, मग बघा. पद गेले तर त्यांचे महासंघातले स्थानही जाणार होते. कामगिरीप्रमाणे मतांची ती दुरुस्ती येत्या अधिवेशनात पुन्हा येत होती. उपाध्यक्षांनी तेही सुनावले. "साहेब, तिकडे कोण उभं राहणार मग?"

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "आमच्याशिवाय कोणी नाही, असं तिथले मोठे देशही म्हणतात."

मते मोजली. हर्षदा निवडून आली. निकाल त्यांनीच जाहीर केला, रविवारी फोनवर सांगत तसा: नाव सावकाश, दोनदा. मग फाइल टेबलावर ठेवली, व्यासपीठावरून उतरले आणि दाराकडे चालू लागले.

"सर, बसा ना," हर्षदा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. ती थोडी घाबरलेली दिसली. "पुढचा विषय महासंघाच्या दुरुस्तीचाच आहे."

"मी कुठल्या क्लबाचा प्रतिनिधी नाही, मॅडम. सभेत बसता येणार नाही."

"मी परवानगी देते."

"तशी तरतूद नाही," ते म्हणाले. "बघा वाचून."

ते बाहेर आले आणि दार लोटून घेतले. मीही मागोमाग आलो. त्यांनी चपला शोधल्या. त्या ढिगाखाली गेल्या होत्या. आत आवाज वाढत होते. कोल्हापूरकर दुरुस्तीच्या बाजूने काही म्हणत होता, हर्षदा त्याला तोडत होती, नाशिकची मुलगी उभी राहून ओरडत होती की आधी मला बोलू द्या. एका हातात चप्पल धरून ते ऐकत राहिले. इतकी माणसे एकदम बोलताना त्यांनी आपल्या सभेत कधी ऐकली नव्हती.

मी वही काढली. "सर, प्रतिक्रिया?"

त्यांनी दुसरी चप्पल पायात घातली.

"संघटनेची प्रतिक्रिया सचिव देतात," ते म्हणाले. "त्या आत आहेत. काम संपेपर्यंत थांबा."